कीर्तिदालनाचे दार : केनी वॉशिंग्टन आणि पात्रतेचा प्रश्न

ओहायो राज्यातल्या कॅन्टन या गावी मी संशोधनासाठी गेलो नव्हतो. भाची क्लीव्हलँडला असते. २०१९ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. एका रविवारी तिचा नवरा म्हणाला, "मामा, तुम्हाला जुन्या गोष्टींचा नाद आहे ना? मग चला, आमचं पंढरपूर दाखवतो." दक्षिणेकडे तासाभराचा रस्ता. वाटेत अक्रन लागते. या अक्रनचे नाव पुढे येणार आहे.

कॅन्टनला व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. कीर्तिदालन म्हणू या. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंवा धडकत शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकण्याचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. एवढे समजले की पुढचे समजायला अडचण नाही.

आत एक अंधारे दालन आहे. त्यात ओळीने ब्रॉन्झचे अर्धपुतळे मांडलेले आहेत आणि माणसे तिथे देवळात बोलावे तसे हळू बोलतात. मी नोकरीने बँकेतला माणूस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण पळवणकर बाळूंच्या निमित्ताने खेळ आणि बहिष्कार हा विषय गेली वीस वर्षे जमेल तसा वाचत आलो आहे. त्या वाचनात जॅकी रॉबिन्सनच्या मागोमाग एक नाव हमखास येई, केनी वॉशिंग्टन. मी त्याचा पुतळा शोधू लागलो. तो नव्हता. ज्याचा होता, ते नावही माझ्या वाचनातलेच होते : जॉर्ज प्रेस्टन मार्शल. आपल्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९६२ पर्यंत नकार देणारा संघमालक.

मी जावयांना विचारले. ते कट्टर चाहते, आकडे तोंडपाठ. म्हणाले, "मामा, तो तीनच सीझन खेळला. सगळे मिळून ८५९ यार्ड. तेवढ्यावर आत कसं घेतील?"

प्रश्न रास्त होता. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर.

पात्रता मोजायची कशी?

कॅन्टनच का, याचे उत्तर सोपे आहे. १७ सप्टेंबर १९२० रोजी याच गावात राल्फ हे नावाच्या गृहस्थाच्या मोटारींच्या शोरूममध्ये काही संघांचे लोक जमले आणि त्यांनी एक संघटना स्थापन केली. दोन वर्षांनी तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग झाले. १९५९ साली गावातल्या वर्तमानपत्राने मागणी लावून धरली, गावाने पैसा उभा केला आणि ७ सप्टेंबर १९६३ रोजी दालन उघडले. पहिल्या तुकडीत सतरा जण होते. जिम थॉर्प, रेड ग्रेंज, सॅमी बॉ यांसारखे खेळाडू, आणि काही संस्थापक व मालक. मार्शल त्या सतरांतला एक.

निवड मुख्यतः पत्रकारांची समिती करते. सध्या तिचे सुमारे पन्नास सदस्य आहेत. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षे व्हावी लागतात. एक सदस्य बंद खोलीत त्याची बाजू मांडतो, वाद होतो, आणि आत यायला ऐंशी टक्के मते लागतात. खेळाडूच्या बाबतीत फक्त मैदानावरची कामगिरी पाहायची, असा दंडक आहे. ओ. जे. सिम्पसनवर पुढे खुनाचा खटला चालला, तरी त्याचा पुतळा जागचा हलला नाही, तो याच दंडकामुळे.

मैदानावरची कामगिरी म्हणजे काय, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. आजवरच्या निवडी पाहिल्या तर मला तीन मापे दिसतात.

पहिले माप दीर्घ कारकिर्दीचे. वर्षानुवर्षे खेळून आकड्यांचा डोंगर रचणाऱ्यांबद्दल फारसा वाद होत नाही.

दुसरे माप शिखराचे. शिकागो बेअर्सचा गेल सेयर्स उणेपुरे ६८ सामने खेळला आणि गुडघ्यांनी त्याला संपवले. पण १९६५ या पहिल्याच वर्षी त्याने २२ टचडाउन केले होते, त्यांतले सहा एकाच सामन्यात. १९७७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो आत गेला. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस ७८ सामने खेळला. १९९८ मध्ये त्याने एका हंगामात २००८ यार्ड काढले होते. त्याला २०१७ पर्यंत थांबावे लागले, पण तोही आत आहे. म्हणजे कारकीर्द छोटी असणे ही अपात्रता नव्हे, हे समितीनेच मान्य केलेले आहे.

तिसरे माप साक्षीचे. या खेळात निम्मे लोक चेंडूला हातही लावत नाहीत. ते समोरच्याला अडवून आपल्या माणसाला वाट करून देतात. त्यांचा आकडा कोण मांडणार? ग्रीन बे पॅकर्सचा जेरी क्रेमर असाच. ३१ डिसेंबर १९६७ च्या हाडे गोठवणाऱ्या थंडीतल्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी त्याने फळीत फट पाडली आणि त्या फटीतून संघ जिंकला. लीगच्या पन्नास वर्षांच्या सर्वोत्तम संघात १९६९ मध्ये त्याची निवड झाली. दालनात मात्र तो २०१८ मध्ये पोहोचला, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. त्याच्या बाजूने यार्ड बोलत नव्हते, माणसे बोलत होती.

आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लीगने खेळाडूंची अधिकृत आकडेवारी ठेवायला १९३२ पासून सुरुवात केली. बचाव फळीतला खेळाडू चेंडू फेकणाऱ्याला किती वेळा खाली पाडतो, याची अधिकृत मोजणी तर १९८२ पासूनची. आकडा वस्तुनिष्ठ असतो हे खरे, पण तो कधीपासून आणि कोणासाठी मोजायचा, हे माणसेच ठरवतात.

बंद झालेले दार

अनेकांना वाटते की या लीगमध्ये सुरुवातीला फक्त गोरे होते आणि मग हळूहळू दार उघडले. तसे नाही. दार आधी उघडे होते, नंतर ते लावून घेतले गेले.

१९२० मध्ये लीगचे पहिले विजेतेपद अक्रन प्रोज या संघाने एकही सामना न हरता मिळवले. त्या संघाचा आधारस्तंभ होता फ्रिट्झ पोलार्ड, जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा कृष्णवर्णीय खेळाडू. गावाचा राग इतका की सामन्याआधी तो संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात कपडे बदलून मैदानावर येई. १९२१ मध्ये तो खेळता खेळता संघाचा प्रशिक्षकही झाला. त्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक लीगला मिळाला तो १९८९ मध्ये, आर्ट शेल. मधली वर्षे अडुसष्ट. त्याच अक्रन संघात १९२१ मध्ये एक विद्यार्थी कायद्याच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी खेळत होता. त्याचे नाव पॉल रोबसन. आपण त्याला गायक म्हणून ओळखतो.

दुसरा ड्यूक स्लेटर. वडील धर्मोपदेशक, घरची गरिबी. शाळेत असताना शिरस्त्राण आणि बूट यांपैकी एकच घेणे परवडेल असे ठरले तेव्हा त्याने बूट निवडले, आणि पुढे बोडक्या डोक्यानेच खेळायची सवय लागली, अशी त्याची गोष्ट सांगतात. १९२२ ते १९३१ अशी दहा वर्षे तो लीगमध्ये अडवणाऱ्यांच्या फळीत खेळला. २८ नोव्हेंबर १९२९ रोजी एर्नी नेव्हर्सने एकट्याने ४० गुण केले. तो विक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला वाट करून देणाऱ्यांत स्लेटर होता. खेळत असतानाच तो वकील झाला आणि पुढे शिकागोत न्यायाधीश. नेव्हर्स १९६३ मध्ये पहिल्याच तुकडीत आत गेला. पोलार्ड गेला २००५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. मी कॅन्टनला गेलो तेव्हा स्लेटरचा पुतळा नव्हताच. त्याची निवड २०२० मध्ये झाली, मृत्यूला चोपन्न वर्षे झाल्यावर.

१९३३ च्या हंगामात जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये होते. १९३४ मध्ये एकही नव्हता. १९४५ पर्यंत, सलग बारा हंगाम, एकही नव्हता. तसा नियम कुठल्याही कागदावर नाही. असे नियम कागदावर नसतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मालकांनी मंदीचे कारण पुढे केले, मारामाऱ्यांचे केले, चांगला खेळाडूच मिळत नाही असेही म्हटले.

मार्शल १९३२ मध्ये लीगमध्ये आला. त्याच्या बाजूनेही बोलायला हवे. लीगचे दोन गट करून अंतिम सामना खेळवण्याची पद्धत, चेंडू फेकण्याचे सैल झालेले नियम, मध्यंतरातला बँडचा थाट, यांत त्याचा मोठा वाटा होता. आजच्या खेळाचे रूप घडवणाऱ्यांत तो निश्चित आहे. पण सगळ्या संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतल्यावरही तो अडून राहिला. वॉशिंग्टनचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. गृहखात्याचे, म्हणजे तिथल्या जमिनी व वनांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी ते वापरू न देण्याची तंबी दिली, तेव्हा कुठे १९६२ मध्ये बॉबी मिचेल त्या संघात आला. पुढच्याच वर्षी मार्शलचा दालनात सत्कार झाला. आपल्या मृत्युपत्रात त्याने मुलांसाठी ठेवलेल्या निधीतला पैसा वंशसमन्वयाच्या कुठल्याही कामाला वापरू नये, अशी अट घातली होती. २०२० मध्ये स्टेडियमसमोरचे त्याचे स्मारक हलवले गेले, संघानेही आपल्या सन्मानफलकावरून त्याचे नाव काढले. कॅन्टनचा पुतळा आहे तिथेच आहे.

तेरा नंबर

केनी वॉशिंग्टन १९१८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मला. वडील कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये बेसबॉल खेळलेले, चित्रपटांत छोट्या भूमिका करणारे. केनी यूसीएलए विद्यापीठाकडून तेरा नंबरचा सदरा घालून खेळला. १९३९ च्या त्या संघात वुडी स्ट्रोड होता, जॅकी रॉबिन्सन होता. संघ एकही सामना हरला नाही. यूएससीविरुद्धचा शेवटचा सामना लाखाहून जास्त लोकांनी पाहिला आणि तो शून्य-शून्य सुटला. त्या वर्षी धावून आणि चेंडू फेकून मिळवलेल्या एकूण यार्डांत केनी देशात पहिला होता. तरी पत्रकारांनी निवडलेल्या प्रमुख राष्ट्रीय संघांत त्याला पहिले स्थान मिळाले नाही. 'लिबर्टी' या साप्ताहिकाने मात्र खेळाडूंचीच मते मागवली होती. त्यात, ज्यांच्याविरुद्ध तो खेळला होता त्या प्रत्येकाने त्याला मत दिले.

माझ्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. वर सांगितलेले साक्षीचे माप ते हेच. ज्यांनी त्याला अंगावर झेलले, त्यांची ती साक्ष.

१९४० मध्ये लीगने त्याला घेतले नाही. शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलसने त्याला काही दिवस शिकागोत थांबवून घेतले आणि मग रिकाम्या हाताने परत पाठवले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. केनी लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात लागला आणि पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये हॉलिवूड बेअर्सकडून खेळू लागला. १९४० ते १९४५, म्हणजे बावीस ते सत्तावीस हे वय. चेंडू घेऊन धावणाऱ्याची उमेद याच वयात असते. तिशीच्या आसपास पाय बोलू लागतात. केनीचे गुडघे त्या आधीच गेले होते.

१९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. त्यांना कोलिसियम हे मैदान हवे होते आणि ते लोकांच्या पैशातून उभे राहिलेले. हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकाराने कोलिसियमच्या आयोगासमोर उभे राहून विचारले की करदात्यांच्या मैदानावर करदात्यांच्याच मुलांना बंदी कशी? रॅम्सला नमते घ्यावे लागले. २१ मार्च १९४६ रोजी केनीने करारावर सही केली. मागोमाग स्ट्रोडने केली. जॅकी रॉबिन्सन बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये उतरला तो त्यानंतर वर्षभराने, १५ एप्रिल १९४७ रोजी.

तीन हंगामांत केनी १४० वेळा चेंडू घेऊन धावला. ८५९ यार्ड, आठ टचडाउन. सरासरी दर धावेला ६.१ यार्ड. सर्वकालीन श्रेष्ठ मानल्या गेलेल्या जिम ब्राउनची सरासरी ५.२ आहे. अर्थात ब्राउन दोन हजारांहून जास्त वेळा धावला, तेव्हा ही तुलना ताणू नये. पण १९४७ मध्ये केनीची ७.४ ही सरासरी लीगमध्ये सर्वोच्च होती, आणि त्या वर्षी शिकागो कार्डिनल्सविरुद्ध, म्हणजे त्या हंगामाच्या विजेत्यांविरुद्ध, तो एका दमात ९२ यार्ड धावला. रॅम्सच्या इतिहासातली ती आजही सर्वांत लांब धाव आहे. हे अधू गुडघ्यांवर, एकोणतिसाव्या वर्षी. १९४८ नंतर तो थांबला. १९७१ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या वेगळ्या कीर्तिदालनात तो १९५६ पासून आहे. कॅन्टनच्या दालनात नाही.

आक्षेप आणि उत्तर

आता जावयांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांचा आक्षेप मी माझ्या शब्दांत, जमेल तितका बळकट करून मांडतो. जे घडले त्यावर मान द्यायचा, जे घडू शकले असते त्यावर नाही. एकदा 'असते तर' हे माप लावले की त्याला अंत नाही. बारा वर्षांत किती जणांना लीगने दारातून परत पाठवले? त्या सगळ्यांचे पुतळे कसे उभारणार? शिवाय दयेने दिलेली जागा हा त्या माणसाचाच अपमान.

या आक्षेपातला शेवटचा भाग मला सर्वांत जास्त पटतो. म्हणूनच केनीला 'खेळाला योगदान देणारा' या मालकांच्या वगैरे वर्गातून आत न्यावे, ही सूचना मला पसंत नाही. तो खेळाडू होता.

पण 'असते तर' ची गरजच नाही. संस्थेचे नाव पाहा. ते नॅशनल फुटबॉल लीगचे दालन नाही, व्यावसायिक फुटबॉलचे आहे. हॉलिवूड बेअर्स हा पैसे देऊन खेळणारा, तिकीट लावून खेळणारा व्यावसायिक संघच होता. ती सहा वर्षे घडलेली आहेत. सामने झाले, वर्तमानपत्रांत त्यांचे वृत्तांत आले. ती वर्षे 'झाली नाहीत' असे नसून, आपण ती मोजत नाही, एवढेच.

बेसबॉलने हा धडा उशिरा का होईना घेतला. तिथल्या कीर्तिदालनात १९६६ मध्ये टेड विल्यम्सने आपल्या सत्काराच्या भाषणात, संधी न मिळालेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना इथे जागा हवी, असे सांगितले. १९७१ मध्ये सॅचेल पेजला घ्यायचे ठरले तेव्हा आधी त्यांच्यासाठी वेगळा कोपरा काढण्याचा विचार होता. त्यावर गदारोळ झाला आणि कोपरा रद्द झाला. २००६ मध्ये त्या लीगमधले सतरा जण एकदम आत गेले. २०२४ मध्ये त्या लीगची आकडेवारी मुख्य आकडेवारीत मिळवली गेली आणि फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत जॉश गिब्सनचे नाव पहिले आले. गिब्सन १९४७ मध्येच वारला होता. त्याच्यात काही बदल झाला नव्हता. मोजणारे बदलले होते.

इथे मला बाळू आठवल्यावाचून राहत नाहीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा हा गोलंदाज कसोटी आकड्यांच्या हिशेबात शून्य आहे, कारण भारताची पहिली कसोटीच १९३२ ची. पुण्यात ज्यांच्यासाठी ते खेळत, त्यांच्याच चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. कसोटी नसणे हा इतिहासाचा भाग आणि कर्णधारपद नाकारणे हा माणसांचा निर्णय, या दोहोंत फरक करावा लागतो. केनीच्या बाबतीतही तोच फरक करायला हवा. गुडघा हे दुर्दैव. १९४० ते १९४५ हे दुर्दैव नव्हे.

म्हणून मी पात्रतेसाठी तीन प्रश्न विचारतो. ज्यांच्याविरुद्ध खेळू दिले, त्यांच्यात तो श्रेष्ठ होता का? त्याच्या येण्याने खेळ बदलला का? आणि त्याची नोंद अपुरी असेल, तर ती त्याच्या उणिवेमुळे की नोंद ठेवणाऱ्यांच्या? केनीच्या बाबतीत पहिल्या दोहोंची उत्तरे 'हो' आहेत. तिसऱ्याचे उत्तर त्याने द्यायचे नाही, दालनाने द्यायचे आहे. त्याच्या बरोबरीने, १९४६ मध्येच, दुसऱ्या एका लीगमध्ये उतरलेले मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे दोघे दालनात आहेत, आणि ते योग्यच आहे. ते वयाने लहान होते, पुढे आठ-नऊ वर्षे खेळले. केनीचा दोष एवढाच की तो त्यांच्याआधी मोठा झाला.

हे सगळे गेल्या वर्षी मी जावयांना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पटतंय मामा, पण पाटीवर ८५९ यार्ड लिहिलं की लोक हसतील."

"८५९ च लिहा," मी म्हणालो. "एकही यार्ड वाढवू नका. फक्त त्याखाली १९४० ते १९४५ ही सहा वर्षंही लिहा, आणि त्या वर्षांत त्याला कोणी घेतलं नाही हेही. मग बघू कोण हसतं."